वाशिममध्ये वाशिमकर सापडत नाही

धागा लांब आहे. आडनावांपासून सुरू होऊन तो एका ताम्रपटापर्यंत जातो, आणि तिथून पुन्हा घरातल्या आजीपाशी परत येतो.

जून महिना लागला की वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा येथील तहसील कार्यालयांसमोर एक ठरावीक गर्दी दिसू लागते. बारावीचा निकाल नुकताच लागलेला असतो. मुलाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या नावाचा जुना सातबारा. त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पणजोबांचे नाव नेमके काय होते?

हा प्रश्न कौतुकापोटी पडलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचा जुना पुरावा लागतो आणि 'जुना' म्हणजे किती, हे कायद्याने ठरवले आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची नोंद हवी. अर्जदाराचा जन्म २००० नंतरचा. म्हणजे नोंद आजोबांची किंवा पणजोबांची असणार. अठराव्या वर्षी, प्रवेशाची मुदत संपण्याच्या आत, या मुलाला आपल्या घराण्याचा इतिहासकार व्हावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही अभिलेखागाराचे दर्शन इतक्या लवकर घडत नाही.

आणि अभिलेखागारात गेल्यावर पहिला धक्का बसतो. तिथे आडनावच नसते.

विदर्भात गावातील जन्म-मृत्यूची नोंद ज्या वहीत होत असे तिला 'कोतवाल बुक' म्हणतात. त्यातील एक ओळ साधारण अशी असते: तारीख, 'गोविंदा वल्द सखाराम', जात, आणि अपत्याच्या रकान्यात नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचे नाव बहुधा नसतेच. नोंद जन्मानंतर लगोलग झालेली. बारसे बाराव्या दिवशी. नाव ठेवून झाल्यावर पुन्हा वही उघडून ते भरण्याचे कोणाला कारण नव्हते. आता गोविंदाला चार मुलगे झाले असतील, त्यांपैकी दोन तान्हेपणीच गेले असतील, तर ही ओळ नक्की कोणाची? आपल्या पणजोबांची, की जगू न शकलेल्या त्यांच्या भावाची? उत्तर मृत्यूच्या पानांत शोधावे लागते. कित्येकांना आपल्या घरातील त्या लेकराची माहिती प्रथम तिथेच मिळते.

'वल्द' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थ 'मुलगा'. दक्षिणी सुलतानांच्या आणि पुढे निजामाच्या अमलातील वऱ्हाडात हिशेबाची परिभाषा फारसीमिश्रित होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, पण कागदावरचे शब्द तेच राहिले. बायकोच्या नावापुढे 'जौजे', विधवेच्या नावापुढे 'बेवा'. जुन्या जमीन-अभिलेखांत 'अ.पा.क.' दिसले तर ते अज्ञान पालन कर्ता, म्हणजे सज्ञान नसलेल्या मुलाचा पालक, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या अक्षरांना मुले पुष्कळदा आडनावच समजतात. पण खरी ओळख 'वल्द'च्या साखळीत असते. माणूस म्हणजे अमक्याचा मुलगा आणि तमक्या गावचा. तेवढ्यावर गावगाड्याचे काम भागत असे. ओळख पटवण्यासाठी आडनाव लागते ते अनोळखी माणसांत, आणि गावात अनोळखी कोणी नव्हते.

मग आडनाव कागदावर चढले कुठे? पुष्कळांच्या बाबतीत शाळेत, 'दाखल-खारीज' रजिस्टरात. मास्तरांनी विचारले, बापाने काहीतरी सांगितले, मास्तरांनी ऐकले तसे लिहिले. जन्मतारीखही तशीच, अंदाजाने, सोयीची. घरातील दोन-तीन भावंडे जूनच्या किंवा जुलैच्या पहिल्या तारखेला जन्मलेली निघतात ती यामुळे. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध शाळा-नोंद साताऱ्याची आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी तेथील शासकीय शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आज जगाला ठाऊक असलेल्या 'भीमराव' या नावाच्या जागी त्या ओळीत 'भिवा' आहे आणि 'सकपाळ' कुठेच नाही. केवळ नावे जुळवत जाणाऱ्या संशोधकाने ही ओळ 'जुळत नाही' म्हणून सोडून दिली असती.

आता शीर्षकातील कोड्याकडे वळू. वाशिममध्ये वाशिमकर सहसा सापडत नाही. मंगरुळात मंगरूळकर नसतो, पुसदेत पुसदकर नसतो. ज्या गावात सगळेच त्या गावचे, तिथे 'त्या गावचा' या शब्दाला अर्थ उरत नाही. 'कर' हा प्रत्यय दुसरे गाव लावते. कोणी वाशिम सोडून नागपूरला, अमरावतीला, पुण्याला गेला की तिथले लोक त्याला वाशिमकर म्हणू लागतात. तेव्हा 'कर' हे सोडून आलेल्या घराचा पत्ता असते. राहत्या घराचा नव्हे. पूर्वज शोधणाऱ्याला याहून उपयुक्त धागा नाही. एक सावधगिरी मात्र हवी: ते गाव बहुधा मूळ गाव नसून शेवटून दुसरा मुक्काम असते. त्याआधी कुटुंब आणखी कुठून तरी आलेले असते आणि त्या मुक्कामाचे नाव पुसून गेलेले असते.

गावांची नावेही सरळ नाहीत. वऱ्हाडात मंगरूळ एक नाही. वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर, अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा. कारंजा वाशिमचे असेल तर लाड, वर्ध्याचे असेल तर घाडगे. मालेगाव म्हटले की महाराष्ट्राला नाशिकचे आठवते, पण वाशिममध्येही मालेगाव तालुका आहे. माणसांप्रमाणे गावांनाही ओळख पटवण्यासाठी आडनाव घ्यावे लागले. 'मंगरूळकर' एवढ्यावर भरवसा ठेवून भलत्याच तहसिलीत आठवडा घालवणारे दरवर्षी निघतात.

'कर'चे एक उदाहरण तर या जिल्ह्यातील प्रत्येक पदवीधराच्या भिंतीवर टांगलेले आहे. वाशिमची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला संत गाडगे बाबांचे नाव आहे. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या माणसाचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म शेंडगावचा, आडनाव जाणोरीचे. म्हणजे तेथेही कोणे एके काळी स्थलांतर झालेले. आणि 'गाडगे' हे कुळाचे नाव नाही, गावाचेही नाही. हातातल्या मातीच्या भांड्यावरून लोकांनी ते दिले आणि मूळ नावाला पार झाकून टाकले.

पदावरून पडलेल्या आडनावांची गुंतागुंत याहून मोठी आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौधरी ही सारी कामाची नावे. वतन ज्याच्याकडे गेले त्या शाखेने पदाचे नाव घेतले. धाकट्या शाखा जुन्या कुळनावावर राहिल्या. एकाच आजोबांचे दोन नातू दोन आडनावांनी वावरतात ते यामुळे. एवढेच नव्हे, वतनाच्या कागदावर जो 'पाटील' असतो तोच माणूस कर्जरोख्यावर आपल्या मूळ आडनावाने उभा असतो. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही: श्रीवर्धनचे भट पेशवे झाले आणि बाळाजी जनार्दन भानू यांना आपण नाना फडणवीस म्हणूनच ओळखतो. जे पुण्याच्या दरबारात घडले तेच लहान प्रमाणात प्रत्येक परगण्यात घडले. उलट बाजूही लक्षात घ्यावी. वऱ्हाडात देशमुख कुणबी-मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत. पद एक होते, रक्त नाही. आडनाव जुळले की नाते जुळले असे मानून समाजमाध्यमांवर रचलेले वंशवृक्ष पाहिले की हसावे की रडावे ते कळत नाही.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. तिथल्या यात्रेत राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावे हजारोंनी ऐकू येतात. ही नावे घराण्याची नसून गोत्राची आहेत. ज्या तांड्यात सगळेच राठोड, तिथे राठोड म्हटल्याने काहीच कळत नाही. पोटगोत्र, बापाचे नाव आणि तांडा विचारावा लागतो. पूर्वी ही माहिती कागदावर नव्हती. ती भाट आणि ढाडी यांच्या कंठात होती आणि लग्न जुळवताना कामी येत असे. तांड्याचा प्रमुख तो नाईक. १९१३ मध्ये पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले, १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव फुलसिंग नाईक यांचे आडनावही असे पदातूनच आलेले. पुसद हा तालुका १९०५ पर्यंत बाशिम जिल्ह्यात होता. त्या वर्षी जिल्हाच मोडला. बाशिम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. म्हणून या भागातील माणसाचे जुने कागद तीन ठिकाणी शोधावे लागतात, आणि 'वाशिम' न सापडल्यास 'बाशिम' या नावानेही शोधावे लागतात.

हा सारा घोळ केवळ आपल्याकडचा आहे असे समजायचे कारण नाही. सातासमुद्रापलीकडे, कॅनडातील फ्रेंच भाषकांच्या क्वेबेक प्रांतात, वंशशोध करणाऱ्यांना नेमकी हीच डोकेदुखी आहे. १६६५ मध्ये फ्रान्सच्या राजाने तिथे कारिन्यां-सालिएर ही पलटण धाडली. तिच्यातील सुमारे चारशे शिपाई तिथेच स्थायिक झाले. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव मिळण्याची रीत होती: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत, जोलीकर म्हणजे आनंदी वृत्तीचा. कोणाचे टोपणनाव गावावरून, कोणाचे शेतावरून पडलेले. ते मूळ आडनावाच्या मागे 'दी' हा शब्द घालून लिहीत. 'दी' म्हणजे 'म्हणवला जाणारा'. 'हुदों दी बोल्यू', 'रुआ दी देजार्दें' अशी दुहेरी नावे तिथल्या दप्तरांत जागोजाग आहेत. पुढे एका भावाची संतती पहिल्या नावावर गेली, दुसऱ्याची दुसऱ्यावर. आज बोल्यू आणि हुदों ही दोन वेगळी आडनावे वाटतात. दोनशे वर्षे मागे गेले की तोच एक बाप निघतो. आपल्याकडील 'ऊर्फ' आणि त्यांचे 'दी' ही सख्खी भावंडे म्हणावीत इतकी सारखी आहेत.

त्यांचा आणि आपला फरक पुढे आहे, आणि तो मोठा आहे. पण त्याआधी पाळण्यातल्या नावांविषयी.

आजोबा वारले की नातवाला त्यांचे नाव ठेवायचे, ही रीत महाराष्ट्रात फार जुनी. पण घरातील सून सासऱ्याचे नाव उच्चारीत नसे. आता स्वतःच्याच मुलाला हाक कशी मारायची? म्हणून त्याला घरात दुसरे नाव: बापू, आबा, दादा, नाना. मुलगा साठ वर्षांचा झाला तरी गाव त्याला बापूच म्हणते आणि एखाद्या कागदावर तो 'बापूराव' म्हणून उमटतो. कागदांतील 'गणपत' आणि 'बापूराव' ही दोन माणसे नसून, सासऱ्याचे नाव जिभेवर येऊ न देणारी एक सून त्या दोन नावांच्या मध्ये उभी आहे, हे ध्यानात यायला वेळ लागतो.

दुसरा प्रकार अधिक दुःखाचा. वऱ्हाडात 'उकंडा' नावाची माणसे असत. उकंडा म्हणजे उकिरडा. तसेच कचरू, दगडू, धोंडू, भिका. आधीची मुले जगली नाहीत की नव्या बाळाला टाकाऊ नाव ठेवत. मृत्यूची दृष्ट लागू नये, त्याला हे लेकरू नेण्याजोगे वाटू नये, म्हणून. तेव्हा जुन्या वहीत 'उकंडा' दिसला तर त्याच्या आधीच्या पाच-सहा वर्षांची मृत्यूची पाने उलटावीत. तिथे त्याची भावंडे बहुधा भेटतात. मुलींच्या बाबतीत मात्र अशा नावाचा अर्थ उलटा होतो. 'नकोशी' हे नाव वाचवण्यासाठी ठेवलेले नसते. मुली पुरे झाल्या, एवढेच ते सांगते. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे वंशावळ लिहिली गेली ती प्रामुख्याने कशासाठी?

मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'करीना' नावाचा एक प्रकार आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापल्या घराण्याची हकिकत लिहून देत: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोणाचा वंश चालला, कोणाचा खुंटला, वतन कोणाकडे आले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बावीस खंडांत प्रसिद्ध केलेल्या साधनांत अशी घराणी ठायी ठायी भेटतात. भांडण नसते तर त्यांतील कित्येक घराण्यांचे नावही उरले नसते. सातबारा हा जमिनीचा कागद. अधिकार अभिलेख हाही जमिनीचा कागद. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची मोडी दप्तरे उघडली गेली, तीही हक्काच्या प्रश्नावरून. वंशावळ आपल्याकडे आठवणीची वही कधीच नव्हती. ती दाव्याला जोडायचा कागद होती, आणि दाव्याला जे नाते लागत नव्हते ते तिच्यात उतरले नाही.

वाशिमपाशी या गोष्टीचा फार जुना पुरावा आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये येथे राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. काळ चौथ्या शतकाच्या उत्तरार्धाचा, राज्यवर्ष ३७. वंशाचे वर्णन संस्कृतात, प्रत्यक्ष आदेश प्राकृतात. विषय? नांदेड परिसरातील एका गावाचे दान. म्हणजे हाही जमिनीचाच कागद, फक्त तांब्याचा. आणि त्यात देणाऱ्याने प्रथम काय सांगितले, तर आपण कोणाचा पुत्र आणि कोणाचा पौत्र ते: सर्वसेनाचा पुत्र, प्रवरसेनाचा पौत्र. 'वल्द'ची साखळी इथेही आहे. भाषा तेवढी निराळी.

या दोन-तीन नावांनी किती मोठे काम केले पाहा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या लेखात, वाकाटकांची वंशावळ कोरलेली आहे. दगड झिजलेला. जुन्या अभ्यासकांनी त्यातील दोन नावे 'रुद्रसेन' आणि 'पृथिवीषेण' अशी वाचली. ही नावे नंदिवर्धनच्या, म्हणजे आजच्या नागपूरजवळच्या थोरल्या शाखेत होतीच. त्यामुळे सारे एकाच वंशवृक्षात बसले आणि वत्सगुल्माची शाखा नजरेआडच राहिली. वाशिमचा ताम्रपट मिळाल्यावर वा. वि. मिराशी यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि ती नावे 'सर्वसेन' आणि 'विंध्यसेन' अशी असल्याचे दाखवून दिले. दोन नावांच्या चुकीच्या वाचनामुळे एक राजघराणे कित्येक दशके हरवले होते. तहसिलीत 'जुळत नाही' असा शेरा घेऊन परतणाऱ्या मुलाला ही हकिकत कोणीतरी सांगायला हवी.

नावांची पुनरावृत्तीही इथे आहे. घराण्याचा संस्थापक विंध्यशक्ती, त्याचा मुलगा प्रवरसेन, त्याचा सर्वसेन, सर्वसेनाच्या मुलाचे नाव पुन्हा विंध्यशक्ती आणि त्याच्या मुलाचे पुन्हा प्रवरसेन. दोघांनाही पणजोबांचे नाव मिळाले. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांना आवाहन होते. त्या तीन पायऱ्यांची आणि या नावांच्या फेऱ्याची सांगड घालण्याचा मोह होतो. मोह आवरलेला बरा.

पण या ताम्रपटात आणखी एक शब्द आहे: 'हारितीपुत्र'. सम्राट प्रवरसेनाचे हे बिरुद. सातवाहनांचे गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र सर्वांना माहीत असतात. ही नावे आईवरून आलेली आहेत. गंमत अशी की गौतमी, वासिष्ठी, हारिती ही आईची व्यक्तिनावे नव्हेत. ती तिच्या गोत्रावरून आलेली. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राच्या आईचे स्वतःचे नाव येते: बलश्री. म्हणजे राणी सासरी येऊनही माहेरच्या गोत्रानेच ओळखली जात होती आणि मुलगा ती ओळख आपल्या नावापुढे मिरवीत होता.

वाकाटकांच्या थोरल्या शाखेतील प्रभावतीगुप्ता तर याही पुढे गेली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी रुद्रसेन दुसरा याला दिलेली. तो लवकर वारला आणि लहान मुलांच्या वतीने तिने राज्य चालवले. तिचे ताम्रपट पुण्याला आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला मिळाले. जमीन दान देताना वंशावळ द्यायची ही रीत तिनेही पाळली. फक्त वंशावळ दिली ती सासरची नव्हे, माहेरची. गुप्त घराण्याचे पूर्वज, वडील चंद्रगुप्त, आई नागकुळातील कुबेरनागा, आणि स्वतःचे गोत्र धारण. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध; लग्नानंतर ते तिला लागायला हवे, असे आजचा कोणीही भटजी सांगेल. तिने ते लावले नाही.

आता क्वेबेकशी असलेला फरक. तिथल्या चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद होई. विवाहित स्त्री मरेपर्यंत त्या वहीत आपल्या माहेरच्या नावानेच असे. वहीची दुसरी प्रत न्यायालयात जाई. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने आपल्या खर्चाने सुमारे आठशे मुली लग्नासाठी त्या वसाहतीत पाठवल्या. त्या बहुतांशी गरीब घरच्या, पुष्कळशा अनाथ. तरी त्यांची नावे आज ठाऊक आहेत, आणि क्वेबेकमधील एखादा तरुण आईची आई, तिची आई, तिचीही आई अशी पायरी-पायरीने उतरत त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो. १९८१ पासून तर तिथल्या कायद्यानेच स्त्रीचे नाव लग्नाने बदलत नाही.

आपल्याकडे त्याच काळातील वऱ्हाडी स्त्रीचे काय? लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. आडनाव बदललेच, पाळण्यातले नावही गेले. पुढे ती कागदावर आली तर 'जौजे' म्हणून, नाहीतर 'बेवा' म्हणून. पुष्कळदा आलीच नाही. छापील कुलवृत्तांतांत पुरुषांच्या दहा-दहा पिढ्या असतात आणि त्यांच्या बायकांची बहुतेक तांदळातली नावे. जातपडताळणीतही पुरावा लागतो तो वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकांचा; आईच्या बाजूचे कागद कोणी मागत नाही, म्हणून कोणी शोधतही नाही.

एक अपवाद नोंदवावा लागेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान स्वतःच्या हाताने कुटुंब लिहितो: भाऊ, मुलगे, कोण बरोबर आले, कोण वारले. आई, आजी, आईचे वडील यांच्या नावांनीही तर्पण असल्याने त्यांची आठवण निदान विचारली तरी जाते. तिथे गेल्यावर आधी मूळ गाव सांगावे, आडनाव नंतर. मात्र ज्या जातींना त्या विधीच्या बाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी या वह्या बऱ्याच अंशी कोऱ्याच आहेत.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. गौतमीपुत्रानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी आई पुन्हा नावात आली. पण एक बारीक भेद आहे: आता तिचे व्यक्तिनाव येते, तेही लग्नात बदललेले असू शकते, माहेरचे कुळ येत नाही. सातवाहनांच्या काळी नेमके याच्या उलट होते.

तेव्हा दाखल्याची पिशवी घेऊन निघण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क स्त्रीजवळ वही घेऊन बसावे आणि विचारावे, "आजी, लग्नाच्या आंधी तुह्यं नाव काय होतं?" पहिल्यांदा ती हसून टाळते. मग सांगते. मग तिच्या आईचे नाव विचारावे, आणि आईच्या माहेरच्या गावाचे. ते गाव सहसा फार लांब नसते. बैलगाडीच्या एखाद्या दिवसाच्या वाटेवरचे. तिथल्या कोतवाल बुकात, वही वाळवीच्या तडाख्यातून वाचली असेल तर, त्या साली एक ओळ सापडते: बापाचे नाव, वल्द त्याच्या बापाचे नाव, जात, आणि शेवटच्या रकान्यात 'मुलगी'.